क्रूस, तलवार आणि पुस्तकांची पेटी

दोन रिलीज आणि तीन नाइट-आउट उरकल्यावर आज कुठे एक अख्खा शनिवार हाताशी लागलाय. तेव्हा डोक्यात बरेच दिवस घोळत असलेला विषय आज लिहूनच टाकतो. विषय जरा जड आहे, पण गोष्ट भारी आहे. तिच्यात देव आहे, राजकारण आहे, एका म्हाताऱ्याचा शिरच्छेद आहे आणि पुस्तकांच्या पेटीत बसून पळालेला एक वकीलही आहे. तेव्हा चहा घेऊन बसा.

काही वर्षांपूर्वी मी हेगला ऑनसाइट होतो. (हेग म्हटलं की आपल्याला २०१९ चा कुलभूषण जाधव खटला आठवतो. तेच हे गाव.) डच लोकांचं लंच म्हणजे दोन ब्रेड, मध्ये चीज आणि सोबत ग्लासभर थंड दूध. असंच एकदा जेवताना आमच्या टीममधला एक डच सहकारी त्याच्या आजीबद्दल सांगत होता. तो मोठा झाला एका अतिशय कर्मठ प्रोटेस्टंट खेड्यात. रविवारी सायकलसुद्धा चालवायची नाही, असलं घर. आजीने आयुष्यभर चर्च चुकवलं नाही, कुणाचं वाईट केलं नाही. पण मरताना ती भेदरली होती. दुखण्याला नाही, मरणालाही नाही. ती एकच गोष्ट परत परत म्हणत होती, "येशू माझ्यासाठी मेला की नाही, हे मला कुठे माहितेय?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "म्हणजे काय? तो तर सगळ्यांसाठी मेला ना? आमच्याकडे भिंतींवरसुद्धा तसंच रंगवलेलं असतं."

तो हसला. म्हणाला, "याच वाक्यावरून आमच्या देशात यादवी व्हायची राहिली. आणि एका माणसाचं मुंडकं उडालं. आपल्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर."

त्या संध्याकाळी मी ती जागा बघायला गेलो. आणि मग नेहमीप्रमाणे वाचत सुटलो.

*

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव सर्वसमर्थ आहे, सार्वभौम आहे. त्याच्या वर कुठला कायदा नाही, कुठलं कोर्ट नाही. मग त्याला माणसाच्या पापांची क्षमा करायची होती तर त्याने ती नुसती करून का टाकली नाही? स्वतःच्या पुत्राला क्रूसावर मरू देण्याची गरज काय होती?

हा प्रश्न नास्तिकांनी काढलेला नाही, बरं का. श्रद्धाळू ख्रिस्ती विद्वान हजार-दीड हजार वर्षं त्याच्याशी झटतायत. कँटरबरीचा आर्चबिशप अॅन्सेल्म याने १०९८ च्या सुमारास या एका प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला, गुरुशिष्य संवादाच्या रूपात. त्याचं उत्तर थोडक्यात असं. पाप म्हणजे देवाचा जो मान आहे तो त्याला न देणं. हे देणं बुडवून चालत नाही. एकतर भरपाई हवी नाहीतर शिक्षा हवी. देणं माणसाचं आहे, पण ते इतकं अफाट की फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे, असाच कुणीतरी ते फेडू शकतो. सरंजामशाहीच्या काळातलं डोकं आहे हे. सरदाराचा अपमान झाला की त्याची भरपाई झालीच पाहिजे, नाहीतर सगळी घडीच विस्कटते.

पुढे सोळाव्या शतकात कॅल्व्हिन आला. तो मुळात कायदा शिकलेला. त्याच्याकडे दरबाराच्या जागी कोर्ट आलं: माणूस आरोपी, देव न्यायाधीश, आणि आरोपीची शिक्षा ख्रिस्त स्वतःवर घेतो.

मग फाउस्तो सोझिनी नावाचा एक इटालियन आला. लॅटिनमध्ये सोसिनस. पोलंडमध्ये जाऊन राहिलेला. त्याचं पुस्तक १५९४ मध्ये छापून आलं आणि त्याने या सगळ्या इमारतीखालचा एक दगडच काढून घेतला. तो म्हणाला, अहो, एक काहीतरी बोला. कर्ज फेडलं गेलं असेल तर देवाने 'माफ' काय केलं? आणि माफ केलं असेल तर फेडायची गरज काय? शिवाय पैशाचं कर्ज एकाचं दुसरा फेडू शकतो, पण एकाची फाशी दुसऱ्याला कशी देता येईल? तो न्याय झाला का? देव सार्वभौम आहे ना, मग तो नुसती क्षमा करू शकतो. क्रूस हा आदर्श आहे, वसुली नव्हे.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, संपलं, आता याला काय उत्तर देणार? कोड रिव्ह्यूमध्ये कुणीतरी एका ओळीची कॉमेंट टाकतो आणि आपलं आठवड्याचं काम आडवं होतं, तसं.

उत्तर दिलं एका डच वकिलाने. ह्युगो ग्रोशियस. जन्म डेल्फ्टचा, १५८३ चा. अकराव्या वर्षी लायडन विद्यापीठात दाखल झालेला हा पोरगा. १६१७ मध्ये त्याने सोसिनसविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि त्यातली चाल फार सुंदर आहे. तो म्हणतो, तुम्ही सगळे देवाला सावकार किंवा अपमान झालेला इसम समजताय, तिथेच गफलत होते. शिक्षा देण्याचा किंवा माफ करण्याचा अधिकार सावकाराचा नसतो, फिर्यादीचाही नसतो. तो राज्यकर्त्याचा असतो. आणि या प्रकरणात देव राज्यकर्ता आहे.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ज्याच्या घरचा माणूस मारला गेला तो मनातून क्षमा करू शकतो, पण गुन्हेगाराची फाशी रद्द करू शकत नाही. ती रद्द करता येते राष्ट्रपतींना, घटनेच्या ७२ व्या कलमाखाली. म्हणजे सत्ता सर्वोच्च असली की कायदा सैल करता येतो. पण उद्या राष्ट्रपतींनी येईल तो दयेचा अर्ज मंजूर करायला सुरुवात केली तर? कायद्याला कोण विचारेल? ग्रोशियसचं म्हणणं नेमकं हेच. देव नुसती क्षमा करू शकला असता, त्याला अडवणारं कुणी नव्हतं. पण राज्य चालवणाऱ्याने क्षमा अशी करावी की कायद्याचा धाकही राहील. क्रूस म्हणजे ते जाहीर उदाहरण. पाप किती गंभीर आहे ते जगाला दिसलं आणि क्षमेचा रस्ताही मोकळा झाला.

पटो न पटो, चाल बिनतोड आहे. पण हे पुस्तक लिहिलं तेव्हा ग्रोशियस काही निवांत अभ्यासिकेत बसलेला विद्वान नव्हता. तो रॉटरडॅमचा सरकारी वकील होता, आणि त्याच्या पक्षावर 'तुम्ही सोसिनसचे छुपे चेले आहात' असा आरोप होत होता. तो धुऊन काढणं हाही पुस्तकाचा एक हेतू होता. वर्ष लक्षात ठेवा, १६१७. पुढे लागणार आहे.

*

आता आजीच्या प्रश्नाकडे. क्रूस का, याचं उत्तर एक वेळ मिळेल. पण तो कुणासाठी?

लायडन विद्यापीठात दोन प्राध्यापक होते. फ्रान्सिस्कस गोमारस आणि याकोबस आर्मिनियस. दोघेही कॅल्व्हिनच्याच परंपरेतले, म्हणजे भांडण भाऊबंदकीतलं. (आणि ती सगळ्यात वाईट.)

गोमारसचं म्हणणं असं. कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने जग निर्माण होण्याआधीच ठरवलंय. का ठरवलं हे विचारण्याची माणसाची प्राज्ञा नाही, तोच तर सार्वभौमत्वाचा अर्थ. माणसाच्या हो-नाहीवर देवाचा निर्णय अवलंबून असेल तर मग देव कसला?

आर्मिनियस म्हणायचा, देव सार्वभौम आहे हे मान्य. पण ज्याला बोलावणार नाही असं आधीच ठरवलंय त्याला 'आला नाहीस' म्हणून शिक्षा देणारा देव न्यायी कसा? अशाने तर पापाचा कर्ताही देवच ठरतो. देव हात पुढे करतो, सगळ्यांसाठी करतो. माणूस तो हात धरू शकतो किंवा झटकू शकतो.

हा आर्मिनियस काही नुसता पुस्तकी माणूस नव्हता. १५७५ मध्ये स्पॅनिश फौजेने आउडेवाटर नावाचं त्याचं गाव कापून काढलं, त्यात त्याचे घरचे गेले. तो शिकायला बाहेरगावी होता म्हणून वाचला. पुढे अॅम्स्टरडॅमला पाळक असताना प्लेगची साथ आली, तेव्हा तो आजाऱ्यांच्या घरी जात राहिला. मरणाच्या दारातल्या माणसाच्या मनातली धास्ती त्याने अगदी जवळून पाहिली होती. आमच्या सहकाऱ्याच्या आजीची होती ना, तीच.

आपल्याला हा वाद तसा परका नाही. श्रीवैष्णवांमध्ये नेमका असाच वाद होऊन दोन पंथ झाले. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसतं. मांजरीच्या पिल्लाला आई मानेला धरून उचलते, पिल्लू काहीच करत नाही. देवाची कृपा यातली कुठली? वडकलै म्हणाले माकडाची, तेन्कलै म्हणाले मांजरीची. गोमारस मांजरवाला हे उघड आहे. आर्मिनियसला मात्र पूर्ण माकडवाला म्हणता येत नाही. त्याच्या मते आधी आईच येते, तिने हात दिल्याशिवाय पिल्लाला काहीच जमत नाही. फक्त पिल्लाला हात झटकण्याची मुभा आहे, एवढंच.

एवढ्याशा 'एवढंच'वरून किती पेटावं! १६०८ मध्ये हेगला दोघांना समोरासमोर बसवलं. अधिकाऱ्यांना वाटलं, फरक तसा किरकोळच दिसतोय. त्यावर गोमारस म्हणाला की आर्मिनियसची मतं घेऊन देवाच्या न्यायासनासमोर उभं राहायची माझी छाती होणार नाही. १६०९ मध्ये आर्मिनियस वारला. पण १६१० मध्ये त्याच्या बाजूच्या चाळीसेक पाळकांनी पाच कलमांचं निवेदन सरकारला दिलं. त्यातलं दुसरं कलम आपलं: ख्रिस्त सगळ्यांसाठी, प्रत्येकासाठी मेला, मात्र त्याचा लाभ श्रद्धा ठेवणाऱ्यालाच होतो. निवेदनाला डच लोक 'रेमॉन्स्ट्रन्स' म्हणत, म्हणून हे लोक रेमॉन्स्ट्रंट. उलट बाजूने प्रति-निवेदन आलं, म्हणून ते प्रति-रेमॉन्स्ट्रंट. नावं असली भयंकर, पण लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले.

*

निवेदन सरकारला का दिलं? इथेच तर सगळी मेख आहे.

हॉलंड प्रांताचा कारभार तेव्हा योहान फान ओल्डनबार्नेव्हेल्ट या मुरब्बी माणसाच्या हातात होता. जन्म १५४७ चा. स्पेनविरुद्धच्या लढ्यात त्याने देश अक्षरशः उभा केला. आपापसांत भांडणाऱ्या डच व्यापाऱ्यांना एकत्र बसवून १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी काढण्यात त्याचाच पुढाकार होता. (वेंगुर्ल्याची डच वखार बघितली असेल तर ती याच कंपनीची.) १६०९ मध्ये त्याने स्पेनशी बारा वर्षांचा तह घडवून आणला.

तह नको होता तो सेनापती माउरिट्सला. नासाउच्या घराण्यातला, युरोपभर नावाजलेला योद्धा. एकेकाळी ओल्डनबार्नेव्हेल्टनेच त्याला पुढे आणलेलं. लढाई थांबली की सेनापतीचं महत्त्व उतरतं, हे सांगायला नको.

ओल्डनबार्नेव्हेल्टचं मत होतं की चर्चने सरकारच्या देखरेखीखाली राहावं आणि दोन्ही मतांच्या लोकांनी एकाच छपराखाली नांदावं. १६१४ मध्ये हॉलंडच्या सभेने तसा ठराव केला: या अवघड विषयावर व्यासपीठावरून टोकाचं बोलू नका. मसुदा कुणाचा? ग्रोशियसचा. हेतू चांगला होता. पण 'यावर बोलायचं नाही' असा जीआर काढून लोकांच्या मनातली मरणाची भीती जात नसते. गोमारसवाल्यांना वाटलं, देवाच्या सार्वभौमत्वावर सरकार टाच आणतंय. त्यांनी वेगळ्या प्रार्थनासभा सुरू केल्या, दंगे झाले.

माउरिट्सला या धर्मचर्चेत किती गम्य होतं? दैवाची पूर्वनिवड निळी असते की हिरवी हेही आपल्याला ठाऊक नाही, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. पण वारा कुठून वाहतोय हे त्याला बरोबर कळत होतं. जुलै १६१७ मध्ये तो हेगच्या क्लोस्टरकेर्क या चर्चमध्ये उपासनेला जाऊन बसला. ते चर्च प्रति-रेमॉन्स्ट्रंटांनी नुकतंच ताब्यात घेतलं होतं. एका रविवारच्या हजेरीने सगळ्या देशाला कळलं, तलवार कुणाच्या बाजूला आहे.

ओल्डनबार्नेव्हेल्टने उत्तरादाखल ऑगस्ट १६१७ मध्ये शहरांना स्वतःचे भाडोत्री शिपाई ठेवायची परवानगी देणारा ठराव करून घेतला. ही त्याची मोठी चूक. म्हणजे आता प्रश्न उरला एवढाच: सार्वभौम कोण? हॉलंड प्रांत, की सातही प्रांतांची मिळून असलेली महासभा? देवाच्या सार्वभौमत्वावर सुरू झालेला वाद माणसांच्या सार्वभौमत्वावर येऊन ठेपला. आणि अशा वेळी ज्याच्या हाती ससा तो पारधी. १६१८ च्या जुलैअखेरीस माउरिट्सने उट्रेख्तमध्ये शिरून ते शिपाई निःशस्त्र केले. २९ ऑगस्टला ओल्डनबार्नेव्हेल्ट आणि ग्रोशियस दोघांनाही अटक झाली.

*

आता दोन गोष्टी समांतर चालतात, तारखा बघत जा.

१३ नोव्हेंबर १६१८ ला डॉर्डरेख्त शहरात धर्मसभा भरली. हेगहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर. इंग्लंड, जिनिव्हा, स्वित्झर्लंड, जर्मनीतल्या संस्थानांतून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या लोकांना जाऊ दिलं नाही. रेमॉन्स्ट्रंटांना बोलावलं होतं ते सभासद म्हणून नव्हे, जाब द्यायला. त्यांचा पुढारी सिमॉन एपिस्कोपियस. चर्चा कशी करायची यावरच महिनाभर हुज्जत चालली आणि १४ जानेवारी १६१९ ला अध्यक्ष बोगरमनने संतापून त्यांना बाहेर काढलं. नंतर त्यांच्या माघारी त्यांच्या लिखाणावरून निकाल दिला.

पण निकालाचा मजकूर मी वाचला तेव्हा चकित झालो. मला वाटलं होतं तितका तो कोरडा नाही. दुसऱ्या प्रकरणात म्हटलंय की ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अमर्याद आहे, सगळ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्ताला ते पुरून उरेल. परंतु (हा 'परंतु' महत्त्वाचा) ते प्रत्यक्ष लागू पडावं असा देवाचा हेतू निवडलेल्यांपुरताच होता. पुरेसं सगळ्यांना, परिणामकारक काहींना. हे सूत्र मुळात बाराव्या शतकातलं, आणि सगळ्या जगाला पुरेसं आहे हा भाग ठळक राहावा म्हणून सभेत इंग्लंडचे प्रतिनिधी आग्रही होते.

त्यांची बाजूही समजून घ्या. त्यांचा प्रश्न असा होता: ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला आणि तरी पुष्कळ लोक तरत नाहीत, तर मग त्याचं मरण इतक्यांच्या बाबतीत वायाच गेलं की नाही? देवाने हाती घेतलेलं काम फसू शकतं का? ज्या बाईचं तान्हं पोर दगावलंय तिला तुम्ही काय सांगणार, की त्याने श्रद्धा ठेवली नाही? डॉर्डरेख्तच्या निकालात पहिल्याच प्रकरणात एक कलम आहे: श्रद्धावंत आईबापांनी आपल्या दगावलेल्या बाळांच्या तारणाबद्दल शंका घेऊ नये. ज्या काळात घरटी एखादं पोर जायचं, त्या काळातलं हे कलम आहे. त्यांना आपला सिद्धांत क्रूर वाटत नव्हता. त्यांच्या दृष्टीने तो आधार होता. माझं तारण माझ्या डळमळत्या हातात नाही, हा आधार.

६ मे १६१९ ला डॉर्डरेख्तच्या मोठ्या चर्चमध्ये हा निकाल जाहीर वाचला गेला. पुढे सुमारे २०० रेमॉन्स्ट्रंट पाळकांच्या नोकऱ्या गेल्या, बरेचसे हद्दपार झाले.

आणि इकडे हेगमध्ये ओल्डनबार्नेव्हेल्टवर २४ न्यायाधीशांच्या खास कोर्टात खटला चालू होता. तो म्हणत राहिला की मी हॉलंडचा चाकर, मला तपासायचा अधिकार हॉलंडला, तुम्हाला नाही. देशद्रोहाचा पुरावा नव्हता. शिक्षा मात्र मृत्यूची झाली.

माउरिट्सच्या मनात आलं असतं तर माफी मिळाली असती. पण त्याची अट होती, घरच्यांनी ती मागावी. घरच्यांनी मागितली नाही. मागायची म्हणजे गुन्हा कबूल करायचा! उलट त्यांनी १ मे ला रिवाजाप्रमाणे दारासमोर सणाचा खांब उभारला. माउरिट्सने माफी दिली नाही.

१३ मे १६१९. निकाल वाचून झाल्याला उणापुरा आठवडा. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा काठी टेकत बिनेनहोफच्या चौकात आला. जमलेल्या लोकांना त्याने सांगितलं की मी द्रोही नाही, देशाचा इमानी सेवक म्हणून जगलो आणि तसाच मरतोय. जल्लादाला म्हणाला, लवकर आटप. तलवारीचा एक घाव.

मी उभा होतो तो हाच चौक. उभा राहून मला सारखा आठवत होता तो ग्रोशियस. तो त्याच वेळी त्याच वास्तूत कैदेत होता. दोनच वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं की राज्यकर्ता क्षमा करू शकतो, पण कायद्याचा धाक राहावा म्हणून त्याला एक जाहीर उदाहरण दाखवावं लागतं. ते वाक्य आता भिंतीपलीकडच्या चौकात घडत होतं. फरक एकच, आणि तो केवढा! ग्रोशियसच्या पुस्तकातला राज्यकर्ता धाक राखण्याची किंमत स्वतः मोजतो, स्वतःच्या घरातून देतो. बिनेनहोफमधल्या राज्यकर्त्याने ती दुसऱ्याच्या मानेवर वसूल केली. देवाच्या सार्वभौमत्वाबद्दल भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना क्रूसाची गोष्ट मुखोद्गत होती. त्या गोष्टीतला सार्वभौम स्वतः झळ सोसतो, हे मात्र त्या आठवड्यात कुणाला आठवलेलं दिसत नाही.

(निःपक्षपाती राहायचं तर हेही सांगायला हवं: देवाची कृपा आणि माणसाची मोकळीक यावर कॅथलिकांतही तेव्हा जेसुइट आणि डॉमिनिकन असं तुंबळ भांडण लागलं होतं. पोपने १६०७ मध्ये दोघांना सांगितलं, निकाल देत नाही, एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, घरी जा. कधी कधी निकाल न देणं हाच शहाणपणा असतो.)

*

ग्रोशियसला जन्मठेप झाली. लूवस्टाइन नावाचा किल्ला, भोवती पाणी. बायको मारिया त्याच्यासोबत राहायला गेली. त्याला वाचायला पुस्तकं मिळायची, मोठ्या पेटीतून यायची आणि वाचून झाली की परत जायची. पहारेकरी सुरुवातीला पेटी उघडून बघत, मग कंटाळले. (सिक्युरिटी ऑडिटवाल्यांनी नोंद घ्यावी :)) मारियाने हे हेरलं. २२ मार्च १६२१ ला पेटीत पुस्तकांऐवजी नवरा बसवला. घरातली मोलकरीण एल्से पेटीबरोबर नावेतून पलीकडे गेली. तिथून हा पठ्ठ्या गवंड्याचा वेश घेऊन निसटला तो थेट पॅरिसला. ती पेटी आज एकापेक्षा जास्त संग्रहालयांत 'खरी' म्हणून दाखवतात!

पॅरिसमध्ये १६२५ साली त्याचा युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा ग्रंथ निघाला. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया म्हणून आज जगभर त्याचं नाव घेतात. त्यात एक वाक्य आहे, फार गाजलेलं. त्याचा आशय असा की देव नाही असं घटकाभर मानलं (आणि तसं मानणं महापाप आहे, हेही तो लगेच सांगतो) तरीही हे न्यायाचे नियम टिकतील. तो शेवटपर्यंत श्रद्धाळू राहिला. पण 'देवाला काय हवंय ते आम्हालाच माहीत' म्हणणाऱ्यांची सत्ता काय करते हे त्याने कोठडीच्या खिडकीतून अनुभवलं होतं. आज हेगमध्ये जिथे देशादेशांचे खटले चालतात, तिथल्या विचाराचं एक मूळ हे असं त्या पेटीत आहे.

माउरिट्स त्याच वर्षी, १६२५ मध्ये, वारला. हळूहळू बंदी सैल झाली, रेमॉन्स्ट्रंट परतले. त्यांचं छोटंसं चर्च नेदरलँड्समध्ये अजून आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन वेस्लीने आर्मिनियसचा विचार उचलला, त्यातून मेथडिस्ट झाले. डॉर्डरेख्तची बाजू स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांकडे टिकली. आणि गंमत म्हणजे दोन्ही घराणी आपल्या मुंबईत आली. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजचा जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, १८२९ मध्ये आलेला. १८७० च्या दशकात मेथडिस्टही पोचले. लायडनमधलं भांडण असं समुद्र ओलांडून आलं आणि इथे येईपर्यंत बरंच निवलं.

डेल्फ्टला मुद्दाम गेलो होतो. तिथल्या 'नव्या' चर्चमध्ये (नवं म्हणजे चौदाव्या शतकातलं) माउरिट्स पुरलेला आहे. ग्रोशियसही तिथेच. ज्याने कोठडीत टाकलं आणि जो कोठडीतून पळाला, दोघे एकाच छपराखाली. ओल्डनबार्नेव्हेल्टला हवं होतं तसं, पण जरा उशिराच.

*

परत येण्याआधी त्या सहकाऱ्याला मी हे सगळं माझं संशोधन उत्साहाने ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. मग मी जरा शहाणपणाच्या सुरात म्हटलं, "अरे, पण डॉर्डरेख्तच्या त्याच कागदात तुझ्या आजीसारख्यांसाठीही कलम आहे. ज्यांना आपल्या आत खात्री जाणवत नाही, पण मनापासून ओढ आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये, आपली वाट धरून चालत राहावं असं."

तो म्हणाला, "माहीत आहे. तिला ते पाठ होतं."

यावर मला काही बोलता आलं नाही. चारशे वर्षांपूर्वी शंभरेक विद्वानांनी सहा महिने बसून लिहिलेलं कलम, तिला पाठ होतं, आणि तरी ती भ्यायली होती. मी विचारलं, मग शेवटी काय झालं? तो म्हणाला, "काही नाही. आजोबा रात्रभर हात धरून बसले. वाद घातला नाही. पहाटे ती झोपेतच गेली."

मला यातलं कुणाचं बरोबर, गोमारसचं की आर्मिनियसचं, ते सांगता येणार नाही. तो माझा अधिकारही नाही. पण तो प्रश्न रिकामटेकड्या पंडितांचा नव्हता, एवढं मला हेगमध्ये नक्की कळलं. तो खाटेवर पडलेल्या माणसाचा प्रश्न होता. तिथून उचलून तो ज्यांनी सैन्याच्या हातात दिला त्यांनी घोळ केला.

असो. बरंच लांबलं. उद्या रविवार आहे, आणि परवा परत तेच स्टँडअप.